अ‍ॅनिमेशन अ‍ॅपवर टाकून पैसे कसे मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन करणारी मुलं-मुली, त्यांचे पालक आणि नोकरी सांभाळून चॅनेल चालवणारे बरेच जण मला प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅपवर अ‍ॅनिमेशन टाकलं आणि लोकांनी ते पाहिलं, की पैसे आपोआप सुरू होतात का?

नाही. बहुतेक अ‍ॅप पाहण्याचे पैसे देतच नाहीत. जिफी या साइटवर तुमची जिफ (पुन्हा पुन्हा फिरणारं छोटं हलतं चित्र) कोटी वेळा दिसली तरी जिफी एक रुपयाही देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरचंही तसंच. इन्स्टाग्रामवर रील खूप चालली म्हणून तेवढ्याने खात्यात काही जमा होत नाही. जाहिरातीतला ठरलेला वाटा देणारं आणि त्याचे नियम सगळ्यांसाठी उघड ठेवणारं ठिकाण म्हणजे मुख्यतः यूट्यूब. तिथेही आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो (प्रश्न ३).

माझ्या ओळखीत अ‍ॅनिमेशनवर घर चालवणारे जे लोक आहेत, त्यांचा मोठा पैसा व्ह्यूजमधून येत नाही. तो येतो ऑर्डरमधून आणि काम वापरण्याच्या परवान्यातून. अ‍ॅप हे त्यांच्या दुकानाचं दर्शनी फळकूट आहे. म्हणून दर आणि हक्क यांवरचे प्रश्न ११ आणि १२ कृपया सोडू नका. लोक नेमके तेच सोडतात आणि नंतर त्यावरूनच फोन करतात.

२. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. फ्लिपाक्लिप या चित्रं हलती करायच्या मोबाईल सॉफ्टवेअरवर केलेल्या कामाला कोणी पैसे देईल का?

देतात. गिऱ्हाईक हालचाल बघतं, ती कुठल्या यंत्रावर केली हे कोणी विचारत नाही. फुकट आवृत्तीत मात्र दोन अडचणी आहेत. व्हिडिओवर अ‍ॅपची खूण येते आणि थर (एकावर एक ठेवून चित्र काढायचे लेअर) तीनच मिळतात. सरावाला तेवढं पुरतं, पण पैसे घेऊन द्यायच्या कामावर दुसऱ्याची खूण नको. पहिल्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून आधी ती काढायची सोय विकत घ्या.

नमुना म्हणून काय करावं हेही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: एका माणसाचं चालणं. वारकरी घ्या. सेकंदाला १२ चित्रं धरली तर एका पावलाला सहा, दोन पावलांना बारा. एका सेकंदात चाल पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून फिरते. आता बारकावे बघा. खांद्यावरची पताका शरीराबरोबर हलली तर ती पुठ्ठ्याची वाटते. ती दोन चित्रं मागून यायला हवी. पाऊल टेकतं त्याच्या पुढच्या चित्रात शरीर सगळ्यात खाली जातं, टेकण्याच्या क्षणी नाही. आणि बारावं चित्र पहिल्यासारखं हुबेहूब काढू नका, तसं केलं की दर फेरीला चाल अडखळते. हे तीन साधलेलं एक सेकंदाचं चालणं तुमच्यासाठी दहा मिनिटांच्या कच्च्या फिल्मपेक्षा जास्त काम आणेल.

३. यूट्यूबवर पैसे सुरू व्हायला नेमकं काय लागतं?

दोन पायऱ्या आहेत. पहिली २०२३ पासूनची: ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि एका वर्षात ३,००० तास पाहिलं गेलेलं असणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. इथे प्रेक्षक स्वतःहून देतात ते पैसे सुरू होतात, म्हणजे सुपर थँक्स आणि मेंबरशिप. जाहिरातीचे पैसे दुसऱ्या पायरीवर मिळतात: १,००० सबस्क्रायबर, आणि वर्षात ४,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला मिळतात.

आता अ‍ॅनिमेशनवाल्यांनी करायचा हिशोब. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमची फिल्म एक मिनिटाची असेल आणि माणूस सरासरी ४० सेकंद बघत असेल, तर ३,६०,००० व्ह्यूज लागतात. गप्पांचा व्हिडिओ करणारा एका बैठकीत अर्धा तास रेकॉर्ड करतो. आपल्याला एका मिनिटाला ७२० चित्रं लागतात, तीही सेकंदाला १२ धरली तर. शर्यत सारखी नाही, हे आधीच मान्य केलं की निराशा कमी होते. यावर उपाय म्हणून अनेक जण फिल्मबरोबर ती कशी केली हे दाखवणारा दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ टाकतात. कच्ची रेखाटनं, चुकलेली चित्रं, मग दुरुस्ती. तास त्यातून भरतात, आणि गिऱ्हाईकालाही तुमचा हात किती चालतो ते दिसतं.

४. मग शॉर्ट्सच करत राहू का?

ओळख व्हायला शॉर्ट्स चांगले, कमाईला कमी. त्यात वाटा ४५ टक्के आहे आणि तो सगळ्यांच्या एकत्र जमा झालेल्या पैशांतून व्ह्यूजच्या प्रमाणात येतो. चालू गाणं लावलंत तर त्या व्ह्यूजमागची निम्मी रक्कम आधी संगीताकडे जाते. दोन गाणी लावली तर दोन तृतीयांश. टाळ, पाऊस, कुकरची शिट्टी असे आवाज घरीच मोबाईलवर रेकॉर्ड करून लावले तर हा भाग वाचतो. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेले तास ४,००० तासांत धरले जात नाहीत, हा घोळ खूप जणांचा होतो.

५. मी लहान मुलांसाठी बडबडगीतं करते. व्ह्यूज भरपूर, पण पैसे इतके कमी का?

कारण मुलांसाठी म्हणून नोंद असलेल्या व्हिडिओवर, बघणारा कोण आहे हे पाहून निवडलेल्या जाहिराती लागत नाहीत. अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला आणि जानेवारी २०२० पासून हा नियम जगभर लागू झाला. अशा व्हिडिओवर कमेंट बंद असतात, सुपर थँक्स आणि मेंबरशिपही चालत नाही. राहते ती साधी जाहिरात, आणि तिचा दर कमी असतो.

‘मग मुलांसाठी नाही असं लिहून टाकू का?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. टाकू नका. चिऊ-काऊची गोष्ट मुलांसाठीच आहे हे यूट्यूबला कळतं, ते स्वतः नोंद बदलतात आणि वारंवार झालं तर चॅनेलवर कारवाई होते. मात्र प्रत्येक अ‍ॅनिमेशन हे मुलांचंच असतं असं नाही. सासू-सुनेच्या तिढ्यावरची, शेतकऱ्याच्या कर्जावरची, एसटीच्या प्रवासावरची फिल्म मोठ्यांची आहे आणि तशी नोंद करणं बरोबरच आहे. मुलांसाठी काम करणाऱ्यांना माझा सल्ला असा की त्याच पात्रांची चित्रांची पुस्तकं, रंगवायच्या वह्या, शाळांसाठीचे व्हिडिओ याकडे वळा. ते पात्र तुमच्या मालकीचं असणं ही खरी मालमत्ता आहे.

६. जुन्या मराठी गाण्यावर किंवा अभंगावर अ‍ॅनिमेशन केलं तर चालेल का?

एकाच गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात, ते सुटे करून बघा: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

‘नाच रे मोरा’बद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात, तर तेच घेऊ. ‘देवबाप्पा’ हा चित्रपट १९५३ चा, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची साठ वर्षं २०१३ अखेर भरली. एवढं वाचून लोक खूश होतात. पण गीत ग. दि. माडगूळकरांचं, ते १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. चाल पु. ल. देशपांडे यांची, ते २००० मध्ये गेले, म्हणून चालीचा २०६० अखेरपर्यंत. रेकॉर्डिंग जुनं झालं तरी गाणं मोकळं झालेलं नाही. परवानगीशिवाय करू नका.

तुकोबांचे, जनाबाईंचे अभंग मोकळे आहेत, पण तेवढ्याने कोणा गायकाची ध्वनिमुद्रिका मोकळी होत नाही आणि संगीतकाराने बांधलेली चालही होत नाही. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीवर म्हणवून घ्या, त्यांना मानधन द्या आणि वापराची लेखी संमती घ्या. बहिणाबाई चौधरींच्या कवितांबद्दल आनंदाची गोष्ट सांगते: त्या १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला. कुठल्याही बाजूने मोजलं तरी साठ वर्षं उलटून गेली आहेत, शब्द मोकळे आहेत. सुगरणीचा खोपा ज्यांना हलताना बघायचा आहे त्यांनी खुशाल कामाला लागावं, फक्त चाल आपली बांधावी.

७. जिफी पैसे देत नाही, मग तिथे टाकायचं कशाला?

कारण इन्स्टाग्रामच्या स्टोरीत स्टिकर शोधला की तो जिफीतून येतो. २०२० मध्ये फेसबुकने ही कंपनी घेतली, ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने विकायला लावली आणि २०२३ मध्ये ती ५.३ कोटी डॉलरला चित्रं-व्हिडिओ विकणाऱ्या शटरस्टॉककडे गेली. मालक बदलले तरी कलाकाराला पैसे द्यायची पद्धत आली नाही. तुम्हाला मिळतं ते एवढंच की सणाच्या दिवशी तुमचा स्टिकर हजारो फोनवर दिसतो. त्याच्या बळावर गिऱ्हाईकाला सांगता येतं, ‘तुमच्या दुकानासाठी असा करून देते.’ त्याचे पैसे दुकानदार देतो.

एक तांत्रिक गोष्ट, जिच्यात नवे लोक हमखास अडकतात. जिफमध्ये प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण पारदर्शक असतो, अधलं-मधलं काही नाही. त्यात रंगही एका चित्रात २५६ च. तुम्ही कंदिलाभोवती मऊ उजेड किंवा मोदकाखाली फिकट सावली काढली, तर स्टोरीवर ठेवल्यावर कडेला पांढरी झालर दिसते. कड ठसठशीत रेषेची ठेवा, सावली भरीव रंगात काढा. आणि शोधशब्द देवनागरीबरोबर रोमन लिपीतही द्या, कारण स्टोरी टाकणारी बहुतेक मुलं तशीच शोधतात.

८. व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरमधून काही मिळतं का?

थेट नाही. हलते स्टिकर २०२० पासून चालतात. चौकोन ५१२ बाय ५१२ चा आणि फाइल ५०० केबीच्या आत हवी. सोसायटी, शाळेचे माजी विद्यार्थी, लग्नघर यांना स्वतःचा संच करून हवा असतो, ते पैसे देतात. स्टिकर विकत घेण्याची सवय असलेलं अ‍ॅप म्हणजे लाइन. ते जपान, तैवान, थायलंडमध्ये चालतं आणि २०१४ पासून बाहेरच्या कलाकारांचे संच विकतं. तिथे भाषेशिवाय भाव सांगणारं पात्र लागतं.

९. लॉटी काय आहे? तिथे काम मिळतं असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. अ‍ॅपमध्ये पैसे पोचले की हिरवी टिकमार्क उडी मारते, ऑर्डर निघाली की छोटी स्कूटर पळते, ती बहुधा लॉटी असते. व्हिडिओऐवजी हालचालीचा हिशोब मजकुराच्या फाइलमध्ये साठवलेला असतो, म्हणून ती हलकी असते आणि कितीही मोठी केली तरी फुटत नाही. एअरबीएनबीने २०१७ मध्ये हे खुलं केलं. नाव दिलं लोटे रायनिगर या जर्मन बाईंचं, ज्यांनी १९२० च्या दशकात काळे कागद कातरून पूर्ण लांबीची अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती.

लॉटीफाइल्स या साइटवर आपलं काम ठेवता येतं आणि ते बघून कंपन्या संपर्क करतात. पण टाकण्याआधी हे वाचा: तिथे सार्वजनिक, फुकट म्हणून ठेवलेलं काम ज्या परवान्याखाली जातं, त्यात कोणालाही ते धंद्यासाठी फुकट वापरता येतं, तुमचं नाव देण्याचंही बंधन नाही. म्हणून जे पात्र तुम्ही पुढे विकणार आहात ते तिथे ठेवू नका. हात दाखवण्यापुरत्या चार-पाच चिन्हांच्या हालचाली ठेवा. हृदय, घंटा, रिक्षा, छत्री.

१०. स्टॉक साइटवर, म्हणजे तयार चित्रं-व्हिडिओ परवान्याने विकणाऱ्या साइटवर, विकलं तर?

हळू पण खरं उत्पन्न. अ‍ॅडोबी स्टॉक व्हिडिओमागे ३५ टक्के देतं. पाच ते साठ सेकंदांची क्लिप लागते. आपल्याकडचे विषय तिथे अजून विरळ आहेत: पणती, तोरण, ढोल-ताशा, वारली पद्धतीची नाचणारी माणसं. पेरणीसारखं आहे; दिवाळीची क्लिप दिवाळीच्या तीन महिने आधी चढवावी लागते, कारण जाहिरात करणारे तेव्हा शोधत असतात. वारली चित्रशैलीला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा आपल्या कामाला ‘अस्सल वारली’ म्हणू नका. त्या समाजातल्या चित्रकाराबरोबर काम करता आलं तर त्याला वाटा द्या.

११. ताई, दर किती सांगू? पहिलंच गिऱ्हाईक आहे.

सेकंदावर दर लावू नका. पाच सेकंदांत एक पणती तेवते आणि पाच सेकंदांत लेझीमचं पथक नाचतं. दोन्ही एकच काम नाही. दिवसावर लावा. महिन्याला घर चालवायला आणि साधनांना मिळून ३०,००० रुपये लागत असतील, तर ते ३० ने भागायचे नाहीत. हातात बसून चित्र काढायचे दिवस महिन्याला बाराच निघतात, बाकीचे बोलण्यात, दुरुस्तीत, काम शोधण्यात जातात. म्हणजे दिवसाचे २,५००. लेझीमला सहा दिवस लागणार असतील तर १५,०००. आकडा तोंडाने सांगताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. म्हणून लिहून पाठवा.

त्याच लिखाणात चार ओळी असू द्या: निम्मे पैसे आधी, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत आणि तिसरीला वेगळे पैसे, बघायला दिलेल्या प्रतीवर माझं नाव आडवं असेल आणि स्वच्छ फाइल पूर्ण पैसे आल्यावर मिळेल, हे कुठे आणि किती काळ वापरणार. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, ती पुढच्या प्रश्नात.

१२. पैसे घेऊन काम दिलं, तर हक्क माझा राहतो का?

इथे बहुतेकांचा समज चुकतो, माझाही चुकला होता. एका मिठाईवाल्यासाठी मी गणपतीत मोदकाची आठ सेकंदांची फिल्म केली. कागद काही नव्हता. पुढच्या वर्षी तीच फिल्म दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात दिसली. विचारलं तर उत्तर आलं, ‘पैसे दिलेत की तुम्हाला.’ मी वकील मैत्रिणीकडे गेले आणि तेव्हा कळलं की कायदा त्यांच्या बाजूचा आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. आणि अ‍ॅनिमेशन कायद्याच्या दृष्टीने चित्रफीतच आहे. ‘उलट करार नसेल तर’ या चार शब्दांवर आपलं पोट आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी लिहून घ्या: ‘या अ‍ॅनिमेशनचे आणि त्यातल्या पात्रांचे हक्क माझ्याकडे राहतील, तुम्हाला अमुक दुकानाच्या जाहिरातीसाठी, अमुक माध्यमांवर, एक वर्षासाठी वापराचा परवाना दिला आहे. मूळ थर असलेली फाइल यात येत नाही.’ दोघांच्या सह्या. पुढच्या वर्षी वापरायचं असेल तर नूतनीकरणाचे पैसे. हे एवढं वाक्य लिहायला लागल्यापासून माझ्या जुन्या कामाचे पैसे दर श्रावणात पुन्हा येतात.

कधी गिऱ्हाईकाला हक्कच विकत हवा असतो. द्या, पण त्याचा दर वेगळा, आणि कागदावर मुदत व प्रदेश लिहा. कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

१३. माझी फिल्म दुसऱ्याने उचलून टाकली आणि त्याला लाखो व्ह्यूज आहेत. काय करू?

यूट्यूबवर तक्रारीचा अर्ज फुकट आहे. तुमच्या मूळ व्हिडिओची लिंक, त्याच्या व्हिडिओची लिंक आणि नाव-पत्ता द्यावा लागतो. भारतात हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, काम केलं की हक्क तयार होतो. पण पुरावा लागतो. थर असलेली मूळ फाइल, कच्ची रेखाटनं आणि त्यांच्या तारखा जपून ठेवा. समोरच्याने ‘हे माझंच’ असा उलट दावा केला, तर तुम्हाला दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो.

नाव कोपऱ्यात टाकलं की ते कापून टाकतात. मी ते चित्रातच गुंतवते. एसटीच्या पाटीवर, पोत्यावर, भिंतीवरच्या जाहिरातीत.

१४. शिवजयंतीला महाराजांचं अ‍ॅनिमेशन करून त्यात दुकानाचं नाव टाकून देऊ का? पाच ऑर्डर आल्या आहेत.

इथे थांबा. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची नावं स्पष्ट आहेत. यांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. कॅलेंडरपुरती एक सवलत आहे, तीही मालाची जाहिरात नसेल तरच. ‘अमुक सराफांकडून शिवजयंतीच्या शुभेच्छा, मजुरीवर सूट’ हे त्यात बसत नाही. आजूबाजूला सगळे करतात हे खरं आहे, तरी मी अशा ऑर्डर घेत नाही. त्याऐवजी गड, तोरण, भगवा, तुतारी यांची हालचाल करून देते. गिऱ्हाईक समजून घेतं.

गणपतीच्या बाबतीत देवावर कोणाचा हक्क नाही, पण एखाद्या प्रसिद्ध मंडळाच्या ठरावीक मूर्तीवर मूर्तिकाराचा असू शकतो. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांना कायद्यात सूट आहे. दहा दिवसांची मूर्ती कायमची नसते. आपला बाप्पा आपण घडवा.

१५. एआयने केलेल्या अ‍ॅनिमेशनला पैसे मिळतात का?

एआय वापरलं म्हणून यूट्यूब अडवत नाही. अडवतं ते साच्यातून पाडलेलं, एकासारखं एक. जुलै २०२५ मध्ये हा नियम आणखी स्पष्ट केला गेला. रोज त्याच आवाजात, त्याच चार हालचालींवर नवी नीतिकथा टाकणारी चॅनेल अर्ज करतात आणि नाकारली जातात. खऱ्यासारखं भासणारं दृश्य एआयने केलं तर ते जाहीर करावं लागतं. उघड कार्टून असेल तर लागत नाही. गिऱ्हाईकाला मात्र आधी सांगा. मला विचाराल तर पार्श्वभूमीला मदत घ्या, पात्राची चाल हाताने करा. माणूस तीच ओळखतो.

१६. ताई, मुलगा नववीत आहे, चॅनेल छान चाललंय. पैसे त्याच्या नावावर येतील का?

नाही. यूट्यूबचे पैसे घेण्याचं गूगलचं अ‍ॅडसेन्स खातं १८ वर्षांवरच्या व्यक्तीचंच चालतं. आई किंवा वडिलांचं जोडा. अल्पवयीन मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणून ऑर्डरच्या कागदावरही (प्रश्न १२) पालकाची सही हवी. आणि एक विनंती: आलेले पैसे वहीत त्याच्यासमोर लिहा, त्याचं नाव घालून. मुलांना त्याची फार गरज असते.

१७. डॉलर दिसतात पण बँकेत येत नाहीत. का?

बहुतेक वेळा पत्राने अडतं. कमाई १० डॉलर झाली की गूगल घरच्या पत्त्यावर पोस्टाने एक पिन पाठवतं. साधं टपाल असतं, नोंदणीचं नाही. गावाकडचा पत्ता असेल तर वाडी, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनना सांगून ठेवा. आमच्याकडच्या एका मुलाचं पत्र दोन महिने ग्रामपंचायतीच्या खिडकीत पडून होतं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. त्यानंतर १०० डॉलर पुरे झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात.

१८. कर किती कापतात?

गूगलला कराचा फॉर्म भरून द्या. तो देऊन त्यात भारत-अमेरिका कर कराराची सवलत मागितली की भारतातल्या माणसाचे अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच १५ टक्के कापले जातात. दिला नाही तर सगळ्या जगाच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. मराठी फिल्म न्यू जर्सीतली मावशी बघते तेव्हा हा १५ टक्क्यांचा भाग लागतो. कापलेल्या कराची वजावट इथल्या रिटर्नमध्ये मागता येते, त्यासाठी सीएची मदत घ्या. ही कमाई व्यवसायाची धरतात, त्यामुळे रिटर्नचा साधा ‘सहज’ फॉर्म (आयटीआर-१) चालत नाही. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर.

१९. मी स्टुडिओत नोकरी करतो, रात्री स्वतःचं चॅनेल चालवतो. ते काम कोणाचं?

नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. घरी, स्वतःच्या मशिनवर, स्वतःच्या वेळात केलेलं तुमचं, पण नेमणूकपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर. काही स्टुडिओ ‘नोकरीच्या काळात केलेलं प्रत्येक सर्जनशील काम’ असं लिहून घेतात. पत्र बाहेर काढून तो परिच्छेद वाचा. तसं असेल तर सुटीच्या दिवशी वरिष्ठांना भेटून चॅनेलपुरती लेखी सूट मागा. मागणाऱ्या दोघांना ती मिळालेली मी पाहिली आहे. ऑफिसचं लायसन्स असलेलं सॉफ्टवेअर आणि ऑफिसची पात्रं मात्र रात्रीच्या कामाला अजिबात लावू नका.